रुग्णाला बांधावे का?

रुग्णालयात आजोबांना भेटायला गेलात आणि त्यांचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले दिसले, तर? ‘पडू नयेत, सलाईनची नळी ओढू नये म्हणून बांधले,’ असे उत्तर मिळते. हेतू चांगला, पण उपाय योग्य आहे का?

प्रथम पडण्याचे गणित करू. आजोबांचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आणि खाटेची उंची ६० सेंटिमीटर धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण (९.८) व उंची यांचा गुणाकार म्हणजे स्थितिज ऊर्जा. ती सुमारे ३५३ ज्यूल येते. खाटेला ४० सेंटिमीटरचा कठडा लावला आणि तो ओलांडताना ते पडले, तर उंची १ मीटर व ऊर्जा ५८८ ज्यूल होते! उलट खाट ३० सेंटिमीटरवर आणली, तर ऊर्जा १७६ ज्यूलच उरते. शेजारी जाड गादी अंथरली, तर शरीर थांबायला अधिक अंतर मिळते व आघाताचे बल घटते.

बांधून ठेवल्याने मात्र नवे धोके निर्माण होतात. एकाच जागी दाब राहून त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो व जखमा होतात. स्नायू दुबळे होतात. मग सोडल्यावर पडण्याचा संभव वाढतोच. घाबरलेला रुग्ण धडपडतो. पट्ट्यात अडकून मृत्यूही घडले आहेत.

म्हणून कुशल परिचारिका आधी कारण शोधते. वेदना आहेत का? तहान लागली आहे का? लघवीला जायचे आहे का? शस्त्रक्रियेनंतर किंवा तापात वृद्धांना कधी कधी स्थळकाळाचे भान राहत नाही. अशा वेळी चष्मा, श्रवणयंत्र, समोर घड्याळ आणि घरचे माणूस यांचा उपयोग होतो. सलाईनची नळी बाहीखाली झाकली, तर हात तिकडे कमी जातो. अनावश्यक नळ्या डॉक्टरांना विचारून लवकर काढता येतात.

हा विचार जुना आहे. इंग्लंडमधील हॅनवेलच्या मनोरुग्णालयात जॉन कॉनोली यांनी १८३९ साली रुग्णांना बांधणे बंद केले. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, तत्काळ संभवणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल, तरच मनोरुग्णाला बांधता येते. तेही आवश्यक तेवढाच वेळ.

आता घरच्या खाटेची उंची मोजून हेच गणित करून पाहा. आणि आजोबांना भेटायला जाल, तेव्हा त्यांचा चष्मा न्यायला विसरू नका.