मूठ, पावती आणि वार

एका रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाची गोष्ट. अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ गावोगाव हिंडून लोकांकडे एकेक पैसा मागायचे. महिन्याला नव्हे, वर्षाला एक. तोही स्वतःसाठी नाही, देशी उद्योग उभे करण्यासाठी. हाच तो ‘पैसा फंड’. टिळकांनी तो उचलून धरला खरा, पण हिशेब मांडला तर कुणालाही हसू यावं असाच होता. लाख माणसांनी पैसा दिला, तर जमणार 1562 रुपये 8 आणे. लाख दारांपर्यंतची पायपीट, गाडीभाडं आणि पावत्यांचा कागद यांचा खर्च वजा करा, म्हणजे काय उरतं ते कळेल.

तरी 1908 साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्र सांभाळायला आले. भट्टीपुढे उभं राहून तिथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत पांगले. पुढे घराघरांत पोचलेल्या देशी चिमण्या आणि बरण्यांमागे, थोडासा का होईना, कुणीतरी पंचाच्या गाठीतून सोडून दिलेला पैसा होता.

दानधर्मावर लिहायला बसलं की लेखणी आपोआप हृदयाकडे वळते. करुणा, संवेदना, माणुसकी. मला या लेखात भांड्याकुंड्यांविषयी बोलायचंय: डबा, मडकं, झोळी, पावतीपुस्तक, भिंतीवरचं कॅलेंडर. कारण द्यावंसं बहुतेकांना वाटतंच. अडतं ते ‘बघू पुढच्या महिन्यात’वर. ज्यांनी आपल्याकडे हे ‘बघू’ मोडून काढलं, त्यांनी लोकांना फारसे उपदेश केले नाहीत. त्यांनी व्यवस्था लावली.

जुन्या पुण्यातल्या वारांचंच बघा. गरीब घरचा मुलगा शिकायला शहरात यायचा, आणि सात घरांशी बोलणी करून आठवड्याचे सात वार लावून घ्यायचा. सोमवार या वाड्यात, मंगळवार त्या वाड्यात. सातवं घर मिळालं नाही, तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवायचं. देणाऱ्या घराच्या बाजूने पाहिलं तर या पद्धतीतली खुबी लक्षात येते. गृहिणीला दर वेळी दयाळू व्हावं लागत नसे. मंगळवार उजाडला की एक पान जास्त, एवढंच. पोटात दुखत असो की नवऱ्याशी भांडण झालेलं असो, मंगळवारचा मुलगा जेवून जायचा.

माधुकरी त्याहून विखुरलेली. मधुकर म्हणजे भुंगा. प्रत्येक फुलातून थोडंथोडं घेणारा. एका दारी भाताची मूद, दुसऱ्या दारी वाटीभर आमटी, तिसऱ्या दारी अर्धी पोळी. पुण्यात 1909 साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली मुलं अशी माधुकरी मागून शिकली.

पण या आठवणींवर साजूक तूप ओतायचं कारण नाही. वारावर जेवलेल्यांच्या मनात पुढे मोठं झाल्यावरही ते शिळं ताट राहत असे: कुठे बसवलं, काय वाढलं, जेवणाआधी विहिरीचं पाणी किती भरायला लावलं. शिवाय ही सोय जातीच्या भिंतीआतली होती. ज्या मुलाचा स्पर्श चालत नव्हता त्याला मंगळवार कोण देणार? शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली, त्यामागे हे साधं उत्तर होतं. भाकरी दुसऱ्याच्या ओसरीवर नको, स्वतःच्या पंगतीत मिळू दे.

कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी हे पाहिलं होतं. त्यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह काढलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. आता या मुलांच्या जेवणाचं काय? कमवा आणि शिका होतंच. मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत. त्याच्या जोडीला होता मुष्टिफंड.

मुष्टिफंडाची रीत अशी: जात्यावर बसण्यापूर्वी सुपातलं मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं. बस. मडकं भरलं की बोर्डिंगची माणसं येऊन ते रिकामं करून नेणार. मला ही कल्पना शाळांच्या इमारतींपेक्षाही मोठी वाटते. एक तर मूठ दळणाआधी निघते. ताटातून उचललेला घास टोचतो; सुपातून गेलेली मूठ कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं, शेतकऱ्याच्या घरात रोकड वर्षातून एकदा-दोनदा यायची आणि सावकाराच्या घरी जायची. दाणे मात्र रोज दळले जायचे. आणि तिसरं, बाईच्या हातात पैसा नव्हता, पण सूप तिचं होतं. घरधन्याला न विचारता देता येईल असं तिच्याकडे एवढंच होतं.

सहज म्हणून मी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी मूठभर ज्वारी तोलून पाहिली. 50 ग्रॅमच्या आसपास भरली. रोज दळण धरलं तर वर्षाला सव्वाअठरा किलो. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीतून नऊ क्विंटल. एकाही घराला एकही दिवस भाकरी कमी न पडता.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. ही हकिकत आपण प्रत्येक समारंभात ऐकतो, आणि ती ऐकवलीच पाहिजे. पण भाषण संपल्यावर आपण डोळे पुसत घरी जातो, कारण एवढं मोठं आपल्याच्याने होणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं. त्या मडक्याविषयी कुणी बोलत नाही. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. मूठ रोज काढावी लागते. संस्थेच्या आज सातशेच्या वर शाखा आहेत. त्यांच्या पायाभरणीत मंगळसूत्र आहे आणि अगणित अनामिक सुपंही आहेत.

देणाऱ्याबरोबर घेऊन जाणाराही लागतो. त्याचं गुणगान आपण जवळजवळ करतच नाही. मडकं भरलं आणि कुणी न्यायला आलं नाही, तर पंधरा दिवसांत त्यात टोके पडतात आणि महिन्याभरात मूठ बंद होते. धोंडो केशव कर्वे हे या घेऊन जाणाऱ्यांमधले महर्षी. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, चार वर्षांनी तो हिंगण्याला नेला, आणि पुढची कित्येक वर्षं हा फर्ग्युसनमधला गणिताचा प्राध्यापक वर्गणीसाठी लोकांची दारं झिजवत राहिला. वक्तृत्व बेताचं, अंगावर साधा वेश. लोकांनी त्यांना दिलं, कारण मिळालेल्या पै-पैची नोंद व्हायची आणि ती छापलीही जायची. त्याआधी मुंबईत शिकवण्या करत असतानाच्या काळातही त्यांनी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला होता. गाव सोडून कमवायला बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला लहानसा हिस्सा गावासाठी बाजूला काढायचा. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. तोपर्यंतची चोवीस वर्षं मात्र हा सारा गाडा लहानलहान पावत्यांवरच चालला होता.

आता आपलं काय चाललंय ते पाहू. मागल्या दिवाळीत आम्ही चार घरांनी मिळून फराळाचे डबे केले आणि एका वसतिगृहात घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी हसून स्वागत केलं, मुलांना बोलावलं, फोटो झाले. निघताना सहज कोठीत डोकावलो. चिवड्याच्या पिशव्या छताला टेकल्या होत्या. “चिवडा तेवढा येतो,” बाई म्हणाल्या, “तेल मात्र आम्हीच आणतो. आणि जूनमध्ये कुणी फिरकत नाही. तेव्हा वह्या लागतात, छत्र्या लागतात, पोरं तापानं पडतात.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. महिन्याचं सामान किती लागतं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या.

जुन्या कपड्यांचीही हीच कथा. 1993 चा किल्लारीचा भूकंप असो की 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, मदतीच्या गाड्यांतून असे कपडे आले की ते घेणाऱ्याने टाकायचे कुठे असा प्रश्न पडावा. कपाट रिकामं करणं आणि देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे आपल्याला कळतं. गठडी बांधताना नेमकं विसरायला होतं.

वार लावण्याची जुनी रीत आज सगळ्यात चपखल बसते ती रक्तदानाला. अकारण नाही म्हणत. रक्त साठवता येतं, पण धान्यासारखं नाही. तांबड्या पेशी शीतकपाटात 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट फक्त पाच दिवस, आणि त्याही खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवाव्या लागतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर चालतो. आता एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी तालुकाभर शिबिरं भरली, तर काय होईल ते सांगायला रक्तपेढीचा तंत्रज्ञ नको. त्या आठवड्यात पिशव्या ठेवायला जागा नसते, आणि पुढे दोन महिन्यांनी नातेवाईक फोन घेऊन वणवण फिरतात. त्या शिबिरांतला रक्तदाता खोटा नसतो. त्याची तारीख फक्त दुसऱ्याच कुणाच्या जन्मपत्रिकेवरून काढलेली असते.

तुटवड्याचे दिवसही ठरलेले. एप्रिल-मे, आणि आपली दिवाळी. कॉलेजं बंद, ऑफिसं अर्धी रिकामी, म्हणजे शिबिरं नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्याच्या हाडांतल्या कारखान्याला दिवाळीची सुट्टी ठाऊक नाही. हा तर आठवड्याचे वार लावून जेवणाराच मुलगा. फक्त घरं शोधायला तो स्वतः फिरू शकत नाही.

आपल्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे लोक असत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ही विक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि 1998 च्या पहिल्या दिवसापासून तो लागू झाला. तेव्हापासून सगळी मदार पैसे न घेता रक्त देणाऱ्यांवर. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान 12.5. एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर काढतात. पुरुषांना 90 दिवसांनी, स्त्रियांना 120 दिवसांनी पुन्हा देता येतं. म्हणजे पुरुषाला वर्षात चार वार लावता येतात, बाईला तीन. शिबिरात मिळणाऱ्या पिशव्या, डबे आणि हेल्मेटं यांच्याबद्दल मी काही बोलत नाही; आमच्या घरातही असले दोन डबे आहेत, झाकणं घट्ट बसतात.

मी स्वतः बरीच वर्षं शिबिरातलाच दाता होतो. कुणी बोलावलं तर जायचो, नाही तर नाही. तीन वर्षांपूर्वी जवळच्या रक्तपेढीतल्या एका मुलीने सुई काढता काढता विचारलं, “काका, पुढची तारीख लिहून देऊ? त्या दिवशी फोन करीन.” मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही. तेव्हापासून ती फोन करते, मी जातो. चांगलं वाटतं म्हणून जातो असं सांगितलं असतं, पण खरं म्हणजे फोन आला की पँट चढवून निघायचं एवढंच उरलंय. सकाळी दूध आणायला जावं तसं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय असतं. त्यात बायको दुधाचे खाडे लिहिते, सिलिंडर कधी लावला ते लिहिते, कामवाल्या मावशींची रजा लिहिते. तीन वर्षांपासून दर तीन महिन्यांनी एका चौकोनात तिच्या अक्षरात ‘रक्त’ असतं. यंदा ते भाऊबीजेच्या चौकोनात पडलंय. बहीण म्हणाली, ओवाळायला दुपारी ये, सकाळी काय करायचंय. मी सांगितलं. ती म्हणाली, मग मलाही घेऊन चल, माझं हिमोग्लोबिन किती आहे तेही कळेल. आता त्या चौकोनात ‘रक्त – 2’ असं लिहिलंय, आणि त्याच्या खाली, दुधाचा अर्धा लिटर जास्त.