जाम झालेला नळ घरीच सोडवूया

आम्ही दापोडीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मुळा आणि पवना या दोन नद्यांचा संगम आमच्याकडेच आहे. तरी नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवड शहरात पाणी दिवसाआड येतं. अशा वेळी बाथरूमचा नळ नीट बंद झाला नाही, तर दोन दिवसांचं साठवलेलं पाणी गळून जातं. गळत्या नळाखाली लिटरची बाटली लावून बघा. ती तासात भरली, तर दिवसाला २४ आणि दोन दिवसांत ४८ लिटर पाणी गेलं.

नळ जाम का होतो? बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते आट्यांत साचून दगडासारखे घट्ट होतात. गळू नये म्हणून आपण नळ रोज जोर लावून आवळतो, त्यानं आतला रबरी वायसरही चेपतो.

सामान थोडंच लागतं: स्क्रू पाना, पेचकस, जुना टूथब्रश, पांढरं व्हिनेगर, फडकं आणि नवीन वायसर.

सगळ्यात आधी टाकीचा वॉल बंद करा. वॉल नसेल, तर पाणी नसलेल्या दिवशी काम काढा. गरम पाण्याचा नळ असेल, तर गिझरही बंद ठेवा. खालच्या पातळीवरचा दुसरा नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, म्हणजे स्क्रू आत जाणार नाही.

आता व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाच्या मानेला तासभर गुंडाळा. आंबटपणानं क्षार सुटतात. लिंबाचा रसही चालतो. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका. त्यानं नळाची चकाकी जाते, हात भाजतात.

मग नळ धुऊन मूठ हळूहळू मागेपुढे हलवा. सैल झाली की नळ अर्धा उघडा ठेवा आणि मुठीचा स्क्रू काढा. खालच्या नटावर कापड ठेवून पाना लावा, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. दुसऱ्या हातानं नळ घट्ट धरा, नाहीतर भिंतीतला पाइप फिरतो.

आतला दांडा बाहेर आला की आटे ब्रशनं घासा. वायसर झिजला असेल तर बदला. जुना वायसर दुकानात सोबत न्या, म्हणजे माप चुकत नाही. खायचं तेल लावू नका, ते चिकट होऊन पुन्हा कचरा धरतं. सगळं परत बसवताना आधी हातानं फिरवा, मग पान्यानं थोडंच आवळा. शेवटी वॉल हळू उघडा.

पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, आत चकत्यांचा सुटा भाग असतो. तो उघडत बसू नका, अख्खा बदला.

कुठे थांबायचं, हेही कळायला हवं. भिंतीतला पाइप हलला, नळाला चीर दिसली किंवा आटेच खाल्ले गेले असतील, तर प्लंबरला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक घरी पाना असायलाच हवा असं नाही. गटाच्या पैशातून एक पाना आणि एक पेचकस घ्या आणि आळीपाळीनं वापरा. आठवड्यातून एकदा घरातला प्रत्येक नळ पूर्ण उघडून बंद करा, म्हणजे क्षार धरायला वेळच मिळणार नाही. पुढच्या बैठकीत एक जुना नळ आणा आणि सगळ्यांनी मिळून उघडून बघा. एकदा हातानं उघडला की त्याची भीती राहत नाही.