नावाचं वजन बाजूला ठेवणारे नारळीकर

व्याख्यान संपलं की शाळकरी मुलं वह्या पुढे करत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांभोवती गराडा घालायची. सही मात्र मिळायची नाही. त्याऐवजी ते सांगायचे, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर सहीसकट येईल. मग पोस्टकार्डं यायची आणि उत्तरंही खरोखर जायची. ज्याला नुसती सही हवी असे तो आपोआप गळायचा. ज्याला काही विचारायचं असे, त्याच्या पदरात दोन्ही पडायचं.

20 मे 2025 रोजी पुण्यात, वयाच्या 86 व्या वर्षी नारळीकर गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मानसन्मानांची यादी आली: 1965 चं पद्मभूषण, 2004 चं पद्मविभूषण, युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, महाराष्ट्रभूषण, साहित्य अकादमी. यादी मोठीच होती. पण तिच्यापेक्षा लक्षात राहावी अशी त्यांची एक सवय होती. इतकं वजनदार नाव हाताशी असताना, वादात ते नाव पुढे करून जिंकायचं त्यांनी टाळलं. मुद्दा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, हा त्यांचा आग्रह घरी, कथालेखनात आणि संस्था चालवतानाही दिसतो.

या सवयीचं मूळ बनारसच्या घरात शोधता येतं. जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938 चा. पण वडील रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख असल्यानं बालपण तिथेच गेलं. आई सुमती संस्कृत जाणणाऱ्या. घरात भिंतीवर फळा होता. शिकायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवत आणि वर ‘जेव्हीएन’साठी आव्हान असं इंग्रजीत नोंदवत. जयंतानं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. उत्तर सांगून टाकायची मामांना घाई नव्हती.

केंब्रिजमध्ये 1959 साली नारळीकर सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधनाला लागले. 1964 च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत या गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला गेला. त्याचा गाभा असा: वस्तूचं वस्तुमान ही तिची एकटीची मिळकत नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्याशी असलेल्या नात्यातून ते ठरतं. त्यातून निघणारा एक निष्कर्ष वर्तमानपत्रांनी उचलून धरला. विश्वातलं निम्मं द्रव्य नाहीसं झालं, तर पृथ्वीवरची सूर्याची पकड दुप्पट होईल! पंचवीस वर्षांचा मराठी तरुण भारतभर गाजला, आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण आलं.

त्याच रॉयल सोसायटीच्या सभेत एका संशोधक विद्यार्थ्यानं उठून गणितातली एक अडचण दाखवली होती. तो स्टीफन हॉकिंग. सिद्धांताचं गणित त्याला आधीच ठाऊक होतं, कारण शेजारच्याच खोलीत बसणाऱ्या नारळीकरांनी ते त्याला मोकळेपणानं दाखवलं होतं.

1972 मध्ये नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. दोन वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. आपलं नाव पाहून परीक्षकांची लेखणी अडखळेल हे ओळखून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी फिरवली की हे नाव तयार होतं. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी, त्या स्वतः गणितज्ञ, सगळी कथा आपल्या हातानं उतरवून काढली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

त्यानंतर ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ अशी पुस्तकं येत गेली. त्यांच्या कथांमध्ये विज्ञान शोभेपुरतं नसतं. ‘धूमकेतू’ घ्या. एक हौशी बंगाली निरीक्षक धूमकेतू शोधतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. शास्त्रज्ञ गुपचूप अवकाशयान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे शोधकर्त्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ झालेला असतो, आणि संकट टळल्याचं श्रेय यज्ञाकडे जातं. धूमकेतूपेक्षा घरातली ही हार त्याला अधिक बोचते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर मराठी मनाच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवतं. पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. एका गोळीच्या वाटेवर इतिहासाचे दोन फाटे फुटतात, आणि पुंजभौतिकीतली अनेक जगांची कल्पना त्या निमित्तानं वाचकाला उमगते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा आहे. त्यात गंगाधरपंत आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून भाषण करायला चढतात आणि लोकांच्या रोषाला बळी पडतात, कारण त्या जगातली जनता अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेली असते. पुढे 2021 मध्ये नारळीकर नाशिकच्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे त्यांना मांडवात येता आलं नाही, आणि अध्यक्ष समोर नसतानाच संमेलन पार पडलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र पुणे विद्यापीठाच्या आवारात उभं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यशपाल यांना खगोलशास्त्रासाठी सगळ्या विद्यापीठांच्या सामाईक मालकीचं केंद्र हवं होतं. ती जबाबदारी नारळीकरांवर आली आणि 1988 मध्ये ‘आयुका’ची पायाभरणी झाली. वास्तुरचना चार्ल्स कोरिआ यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे, आणि पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दाखवणारा फूकोचा लंबक. लहानशा गावातल्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकानं इथे यावं, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, संशोधन करून परत आपल्या वर्गात जावं, ही यामागची कल्पना. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होती. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मुक्तांगण विज्ञानशोधिका उभी राहिली, आणि तिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत मुलांना विज्ञान शिकवलं.

संचालक म्हणून नारळीकरांची खरी परीक्षा वेगळीच होती. विश्व महास्फोटातून जन्मलं हे त्यांना मान्य नव्हतं. विश्व सदैव सारखंच असतं असं मानणाऱ्या हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांताला 1965 मध्ये सापडलेल्या, महास्फोटाची खूण मानल्या गेलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणानं मोठा धक्का दिला होता. तरीही हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह 1993 मध्ये त्यांनी त्याची सुधारलेली मांडणी केली. तिच्यात विश्वाला आरंभ नाही. ते प्रदीर्घ काळात प्रसरण पावत राहतं, मधूनमधून आकुंचन पावतं आणि लहान लहान स्फोटांतून नवं द्रव्य जन्मतं. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ही मांडणी स्वीकारली नाही. अशा माणसाच्या हाती संस्था आली की ती एका मताचा मठ होण्याचा धोका असतो. आयुकात तसं घडलं नाही. त्यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी थनू पद्मनाभन तिथे स्वतःच्या वाटेनं गेले. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरी कशा हुडकायच्या याच्या गणितावर काम केलं, तेव्हा जगात त्या कुणी टिपल्या नव्हत्या. 2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं त्या टिपल्या. 2003 मध्ये नारळीकर संचालकपदावरून निवृत्त झाले, पण मानद प्राध्यापक म्हणून आयुकातच राहिले.

स्वतःच्या आवडत्या कल्पनांनाही ते प्रयोगाच्या दारात उभं करत. जीवसृष्टीची बीजं अवकाशातून आली असावीत, हा हॉइल यांचा तर्क. त्याच्या पडताळ्यासाठी नारळीकरांच्या पुढाकारानं हैदराबादहून बलून सोडले गेले आणि उंचावरच्या हवेचे नमुने आणले गेले. 2005 च्या उड्डाणात 20 ते 41 किलोमीटर उंचीवरून तीन नव्या जातींचे जीवाणू मिळाले. एकाचं नाव हॉइल यांच्यावरून ठेवलं, एकाचं इस्रोवरून आणि एकाचं आर्यभटावरून. एवढ्यावरून ते परग्रहावरचे ठरत नाहीत, हेही संशोधकांनी स्पष्ट केलं.

फलज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत वापरली. 2001 मध्ये विद्यापीठांतून हा विषय शिकवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी विरोध केलाच. पण नुसत्या निषेधानं कुणाचं मत बदलत नाही. म्हणून 2008 मध्ये संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, पूर्वी स्वतः ज्योतिष करणारे प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले नरेंद्र दाभोलकर यांना बरोबर घेऊन त्यांनी चाचणी आखली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. कोणती कोणाची, ही माहिती सांकेतिक क्रमांकांआड ठेवली. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या. काम एकच: मूल कोणत्या गटातलं ते सांगा.

27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. एका ज्योतिषसंस्थेनं सगळ्या 200 पत्रिका तपासल्या आणि तिची 102 उत्तरं जुळली. निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पद्धतीसह छापले गेले. ज्याला ते पटत नसतील, त्यानं आपल्याकडच्या पत्रिका घेऊन हीच चाचणी पुन्हा करायला हरकत नाही, आणि त्यासाठी नारळीकरांच्या नावाचा दाखला लागत नाही.