पटावरची मुले, वर्गातली मुले

शाळेच्या पटावर मुले किती, हा प्रश्न एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनास विचारावा इतका रुक्ष आहे. त्यावर पहिल्या पानाची जागा खर्ची घालावी असे त्यात काय आहे, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. परंतु याच एका आकड्यावरून शाळेला शिक्षक किती मिळावयाचे, खोल्या किती बांधावयाच्या, पुस्तकांचे संच व गणवेश किती पाठवावयाचे आणि दुपारच्या खिचडीसाठी तांदळाची पोती किती उतरवावयाची, हे सारे ठरते. सरकारला शाळा दिसते ती मुख्याध्यापकाने भरून पाठविलेल्या तक्त्यातून. तो तक्ता खोटा असेल तर त्यावर उभारलेली योजना कितीही सद्हेतूची असो, ती भलत्याच शाळेसाठी आखलेली असते.

हा धोका काल्पनिक नाही. २०११ साली नांदेड जिल्ह्यात तेथील जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळाशाळांतून मुले प्रत्यक्ष मोजविली, तेव्हा एक लाखाहून अधिक नावे केवळ कागदावर नांदत असल्याचे आढळून आले. त्यावरून जागे होऊन महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदाराप्रमाणे शाई लावण्यात आली. कारण सकाळी एका शाळेत मोजलेले मूल दुपारी दुसऱ्या शाळेच्या बाकावर बसविले जाईल, अशी रास्त भीती होती. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बोटाला शाई लावल्यावाचून त्याच्या गुरुजींच्या शब्दावर सरकारचा विश्वास बसू नये, या गोष्टीची लाज त्या वेळी जितकी वाटावयास हवी होती तितकी कोणाला वाटल्याचे आम्हांस आठवत नाही. त्या पडताळणीत पटावरील सुमारे २० लाख मुले जागेवर सापडली नाहीत. ही सगळीच बनावट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. दसरा तोंडावर होता, काही मुले आजारी असतील, काही शेतावर गेली असतील. तथापि ज्या शाळांत निम्मी मुलेही हजर नव्हती, त्यांना दसऱ्याची सबब पुरणारी नव्हती. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले, गुन्हे नोंदविण्याविषयी आदेश झाले, आणि त्यांच्या अंमलबजावणीच्या तारखा पडता पडता त्या वेळी पहिलीत असलेली मुले शाळा सोडून गेली.

दोष कोणाचा, याचे उत्तर संस्थाचालकांकडे बोट दाखवून चटकन देता येते, आणि अनेक संस्थाचालक त्या बोटास पात्रही आहेत. ज्यांनी शाळा हा अनुदान ओढण्याचा पंप मानला, त्यांच्याविषयी आम्हांस काडीची सहानुभूती नाही. पण वीस लाखांचा आकडा केवळ लबाडांच्या बळावर उभा राहत नाही. त्यामागे एक व्यवस्था असते, आणि ती समजून घेतल्यावाचून शाईच्या बाटल्या कितीही आणल्या तरी उपयोग नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. तत्त्व उत्तम आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की साठावे आणि एकसष्टावे मूल यांच्यामधल्या अरुंद फटीत एका माणसाची नोकरी अडकलेली असते. एकसष्टावे मूल ऊसतोडीला गेले की तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जाऊन दूर कोठेतरी फेकला जातो. मोजणीचा कागद भरणारा मुख्याध्यापक त्या शिक्षकाशेजारी बसून डबा खाणारा असतो. अशा वेळी त्याने एखादे नाव पटावरून कमी न करणे, ही गोष्ट कायद्याने गुन्हा असली तरी त्या खोलीत ती माणुसकी वाटते. तांदळाचा हिशेब याहून सोपा आहे. प्राथमिक शाळेतील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य मिळते. पटावर वीस नावे पोकळ असली की रोज दोन किलो, आणि कायद्याने सांगितलेल्या २०० दिवसांच्या शालेय वर्षात चार क्विंटल. त्या चार क्विंटलांना पाय फुटतात हे सांगावयास ज्योतिषी नको.

जो मोजतो त्याचेच पोट मोजणीवर अवलंबून, ही आपल्या व्यवस्थेची मूळ खोड आहे आणि ती आजची नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या ‘सुधारित संहिते’ने शाळेचे अनुदान मुलांच्या सरासरी हजेरीला आणि परीक्षेतील यशाला बांधून टाकले: हजेरीचे चार शिलिंग, परीक्षेचे आठ. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात निकालावर पैसे देण्याची पद्धत आली. साहेबाच्या देशातील मास्तरांवरही हजेरीपटात खाडाखोड केल्याचे आरोप झाले, हे आपल्याकडील दोषांचे खापर केवळ आपल्या स्वभावावर फोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तेथे १८९०च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली. आपण मात्र आकड्याला पैसा बांधण्याचा मोह अद्याप सोडलेला नाही.

मग संगणक आला. २०१२-१३ पासून देशभरच्या शाळांची माहिती ‘यूडायस’ या एकाच व्यवस्थेत गोळा होऊ लागली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आणून प्रत्येक मुलाची वेगळी नोंद मागितली. आणि २०२२-२३ पासून केंद्रानेही शाळेची बेरीज न घेता मुलागणिक नोंद घेण्यास आरंभ केला. त्याचा परिणाम पाहण्याजोगा आहे. २०२१-२२ साली देशातील शाळांचा पट २६ कोटींच्या वर होता. तो २०२२-२३ मध्ये सुमारे २५ कोटी १८ लाखांवर आणि २०२३-२४ मध्ये २४ कोटी ८० लाखांवर आला. मोजण्याची रीत बदलल्यामुळे या आकड्यांची आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नये, असे सरकारचे सांगणे आहे आणि ते योग्यच आहे. जन्मदर घटला हेही एक कारण असेल. परंतु नाव, जन्मतारीख, आईचे नाव आणि आधार क्रमांक मागताच एक कोटीहून अधिक मुले बेरजेतून नाहीशी होतात, तेव्हा त्यांतील किती खरोखर शाळा सोडून गेली आणि किती शाळेत कधी आलीच नव्हती, हा प्रश्न टाळता येत नाही. या दोहोंतला भेद फार मोठा आहे. पहिल्या प्रकारच्या मुलाला शोधून आणावयाचे असते, दुसऱ्या प्रकारच्या मुलाचे नाव फक्त खोडावयाचे असते. आणि आजवर आपण दोघांना एकाच रकान्यात घातल्यामुळे पहिल्याचा शोध कोणी घेतलाच नाही.

संगणकाने बनावट मूल पकडले खरे. पण खरे मूल हरवण्याची नवी सोयही करून ठेवली. महाराष्ट्रात संचमान्यतेसाठी आधार जुळलेली मुलेच धरावयाची, असे धोरण आल्यापासून मुख्याध्यापकांच्या खोलीत एक निराळाच उद्योग सुरू झाला आहे. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव एक, आधारपत्रावर दुसरे. तेथे वडिलांचे नाव मधे, येथे आडनाव आधी. जन्मतारखेत एका दिवसाची चूक. मूल रोज पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणते, पण यंत्राच्या लेखी ते अवैध! पाच वर्षांच्या आतील मुलाच्या आधारावर बोटांचे ठसे नसतात, ते पुढे पुन्हा घ्यावे लागतात. मजुराच्या घरी ही आठवण कोणी ठेवावयाची? आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मुलाची खिचडी त्या निकालाने सुटली असेल. पण शिक्षकांची संख्या ठरविताना ते मूल मोजलेच गेले नाही, तर त्याला शिकवावयास येणारा माणूस गेला. खिचडी देऊन शिक्षक काढून घेणे हा लाभच म्हणावयाचा असेल तर आमचे बोलणे खुंटले.

आणि ऊसतोडीच्या मुलांचे काय? पटसंख्येसाठी आपल्याकडे परंपरेने ३० सप्टेंबर हा दिवस धरला जातो. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे मोजणीच्या दिवशी मूल वर्गात हजर आणि महिन्या-दोन महिन्यांनी बैलगाडीत. ३० सप्टेंबरचा तक्ता अक्षरशः खरा असतो, त्यावर सही करणारा प्रामाणिक असतो, आणि तरीही डिसेंबरात त्या तक्त्याचा वर्गाशी काही संबंध उरलेला नसतो. अशा मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय आहे. पण ते पत्रक घेऊन गेलेले मूल फडाजवळच्या शाळेत खरोखर पोहोचले की नाही, हे मूळ शाळेने पाहावे की नव्या शाळेने, याचा पत्ता नसतो. दोन्ही पटांवर नाव, आणि मूल पाचटाच्या ढिगाशेजारी धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेले.

येथवर वाचून आमच्या शहरी वाचकांस हा सारा खेड्यापाड्यांचा मामला वाटला असेल, तर त्यांनी आपल्याच इमारतीतील अकरावी-बारावीच्या मुलांकडे पाहावे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणी वर्गात, ही व्यवस्था आता इतकी रूढ झाली आहे की तिला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. महाविद्यालय हजेरी लावते, पालक दोन्हीकडे पैसे भरतात, प्रात्यक्षिकांच्या वह्या कोण भरते ते आम्ही विचारीत नाही. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या अशा विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. त्यानंतरही चित्र फारसे पालटले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता याच कारणासाठी काढून घेतली. नांदेडच्या संस्थाचालकाने पटावर पोकळ नाव घातले तर तो भ्रष्टाचार, आणि आपल्या मुलासाठी आपण तेच विकत घेतले तर ते करिअर, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही. उलट खेड्यातला मुख्याध्यापक निदान शाळा जगावी म्हणून खोटे लिहितो. २०२३ पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा चालू झाली, तेव्हापासून वीसच्या खाली घसरलेल्या पटाचा धसका लहान गावांनी घेतला आहे. अंगणवाडीतली दोन पोरे पहिलीत ओढली तर शाळा वाचते, न ओढली तर सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जावयाचे. आम्ही स्वतः काही वर्षे हातात खडू धरला आहे. अशा मुख्याध्यापकाला नीतीचा पाठ देण्यास आमची जीभ रेटत नाही. तो खोटे लिहितो हे वाईटच, पण खरे लिहिल्याची शिक्षा त्याच्या गावाला होते हे त्याहून वाईट आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही करावयास हवी की खऱ्या आकड्याची शिक्षा सौम्य व्हावी. पट घसरला की त्याच वर्षी शिक्षक उचलण्याऐवजी दोन-तीन वर्षांच्या सरासरीवर निर्णय घेतला तर एकसष्टाव्या मुलासाठी कोणी प्राण पणाला लावणार नाही. मोजणी एकाच ठरलेल्या दिवशी न करता वर्षातून तीनदा, त्यांतली एक तरी ऐन गळिताच्या हंगामात आणि कोणाला न कळविता व्हावी. आणि मोजणारा त्या शाळेचा, त्या संस्थेचा वा त्या तालुक्याच्या शिक्षण खात्याचा नसावा.

दुसरी गोष्ट नवी मागावयाची नाही, कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकले आहे. म्हणजे मुलांची एक यादी गावाकडे हवी आणि एक शाळेकडे. गावाच्या यादीत आहे पण शाळेच्या यादीत नाही, ते मूल शाळाबाह्य. शाळेच्या यादीत आहे पण गावाच्या यादीत नाही, ते मूल बनावट किंवा बाहेरगावचे. यासाठी संगणकही लागत नाही, दोन वह्या आणि एक दुपार पुरते. पण किती ग्रामपंचायती व नगरपालिका ही वही वर्षभर अद्ययावत ठेवतात? सरकार शाळेकडून पटाचा तक्ता दर वर्षी मागते, तारीख टळली तर मुख्याध्यापकास नोटीस जाते. गावाच्या वहीबद्दल मात्र सरपंचास वा मुख्याधिकाऱ्यास विचारणा होत नाही.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे सांगितले आहे. पटाचा तक्ता वर पाठविण्यापूर्वी या पालकांसमोर नावानिशी वाचला जावा आणि त्यांच्या सह्यांनिशीच तो पुढे जावा, एवढा एक शासननिर्णय शिक्षण खात्यास काढता येईल. आपल्या आळीत अमुक नावाचे पोर आहे की नाही, हे सांगावयास तेथील आयांना बोटाची शाई लागत नाही आणि आधारही लागत नाही. येत्या ३० सप्टेंबरच्या आधी हा निर्णय निघणार काय, असे आम्ही शिक्षणमंत्र्यांस विचारतो.