टपालवाल्याचीं गाणीं

अमेरिकेंत ‘कंट्री’ आणि ‘फोक’ म्हणून ओळखलीं जाणारीं गाणीं म्हणजे तेथील खेड्यापाड्यांतील गाण्यांचीच शहरांत आलेली संतति. अशीं गाणीं स्वतः रचून गिटारीवर म्हणणाऱ्या जॉन प्राइनविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

त्याचा जन्म १९४६ सालीं शिकागोजवळच्या मेवुड येथें झाला. आईबाप मूळचे केंटकी प्रांतांतले. थोरल्या भावानें त्यास गिटार शिकविली. लष्करांतील नोकरी आटोपल्यावर त्यानें टपाल वाटण्याचें काम पुन्हां धरलें, आणि घरोघर पत्रें टाकीत हिंडतांना तो मनांत गाणीं जुळवूं लागला. वाट पायांखालची, डोकें मोकळें! १९७० सालीं शिकागोंतील एका लहानशा गायनगृहांत रॉजर इबर्ट या चित्रपट-समीक्षकानें तीं ऐकलीं व या टपालवाल्यावर वर्तमानपत्रांत लेख लिहिला. पुढें क्रिस क्रिस्टॉफरसन या नामांकित गायकानें हात दिला आणि १९७१ सालीं पहिली तबकडी निघाली.

तींत एकाकी म्हातारीं माणसें आहेत, व्हिएटनामच्या युद्धांतून व्यसन घेऊन परतलेला शिपाई आहे, आणि दगडी कोळशासाठीं खरवडून उजाड झालेलें आईबापांचें पॅरडाइज गांवहि आहे. पंचविशीच्या आंतल्या पोरास म्हातारपण कसें उमगलें? लहानपणीं मित्राबरोबर वर्तमानपत्रें वाटण्यास तो वृद्धाश्रमांत जात असे. उत्तर मला तेथेंच सांपडतें. शब्द अगदीं साधे. मुलांच्या निबंधांतील विशेषणें तांबड्या शाईनें खोडण्यांत माझा जन्म गेला. येथें खोडावयास कांहीं मिळत नाहीं.

मोठ्या कंपन्या सोडून त्यानें मित्रांच्या साह्यानें ‘ओ बॉय’ ही स्वतःची कंपनी काढली. तिनें काढलेल्या १९९१ च्या तबकडीस ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

१९९८ सालीं मानेंत कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर आवाज खोल आणि खरखरीत झाला. गवयाचें तें मरणच! पण यानें जुन्या गाण्यांची पट्टी उतरविली, आणि हा नवा आवाजच त्यास अधिक आवडूं लागला. २०१३ सालीं फुप्फुसाचा भाग काढावा लागला, तेव्हां जिना चढून-उतरून दम लागला कीं तो लगेच गिटार घेऊन दोन गाणीं म्हणे. धापा टाकीतच गावयाचें, हाच व्यायाम! २०१८ ची तबकडी विक्रींत पूर्वींच्या सर्वांहून वर चढली.

७ एप्रिल २०२० रोजीं नॅशव्हिल येथें कोरोनाच्या साथींत तो वारला. मेल्यावर आपली रक्षा ग्रीन नदींत सोडावी, असें त्यानें तरुणपणींच पॅरडाइजवरील गाण्यांत मागितलें होतें. अर्धी रक्षा त्या नदींत सोडली. उरलेली शिकागोंत आईबापांशेजारीं पुरली.