समाजसेवेचा ताळेबंद कोणी मांडावा?

कारखाने आणि बँका यांना नफ्याचा मार्ग दाखविणारा व्यवस्थापन सल्लागार आता वसतिगृहे, बालवाड्या आणि ग्रामीण रुग्णालये यांच्या दाराशीही येऊन उभा राहिला आहे. अमेरिकेतील बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीच्या आधाराने २००० साली बोस्टन येथे ‘ब्रिजस्पॅन’ ही केवळ सेवाभावी कार्यासाठी सल्ला देणारी संस्था निघाली. पुढे तिने मुंबईतही कार्यालय उघडले. आपल्याकडे या व्यवसायाला कायद्याचेही पाठबळ मिळाले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करणे भाग पाडले. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि ज्या कंपन्यांवर सरासरी १० कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाचे बंधन आहे, त्यांना १ कोटी व त्यावरील प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन त्रयस्थांकडून करून घेणे सक्तीचे झाले.

सेवेचे मोजमाप म्हणताच जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. मायेला माप नसते, हे त्यांचे म्हणणे मनाला पटणारे आहे; परंतु ते पुरेसे नाही. संस्थेच्या हाती असलेला पैसा लोकांचा असतो आणि हेतूच्या शुद्धतेवरून फळाची खात्री देता येत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीद्वारे खेड्यांतील मुलांच्या हाती दुसरीच्या पातळीचा साधा उतारा दिला, तेव्हा पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना तो वाचता येत नाही, हे उघडकीस आले. पटावरील संख्येने हे सत्य झाकून ठेवले होते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि इतर ४७ गावांशी त्याची तुलना केली. नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोजदाद केली नसती, तर हे यश गडचिरोलीबाहेर कोणाला पटले असते?

तथापि या उदाहरणांतच सल्लागारांविषयीच्या शंकेचे मूळ आहे. गडचिरोलीत मोजणारे तेथेच राहणारे होते आणि कोणता प्रश्न मोजायचा हे गावाच्या दुःखावरून ठरले होते. सल्लागार काही आठवड्यांसाठी येतो. त्याचे शुल्क बहुधा देणगीदार देतो आणि साहजिकच मापही देणगीदाराच्या सोयीचे निवडले जाते. शिक्षकांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तपासणीच्या दिवशी तक्ते भरलेले दिसावेत म्हणून वर्गातील शिकवणे बाजूला पडते, हा अनुभव त्यांच्या नित्याचा आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण घ्यावे. गाळपाच्या हंगामात आईवडिलांबरोबर ती साखर कारखान्यांच्या तळावर जातात, शाळा अर्ध्यावर सुटते. अशा मुलाला शिकविण्याचा खर्च अधिक, आणि ते वर्षअखेर परीक्षेला बसेलच याची शाश्वती नाही. ‘दर मुलामागे किती रुपये’ आणि ‘शेकडा किती उत्तीर्ण’ या दोनच तागड्या लावल्या, तर संस्थेने ते मूल न घेणेच शहाणपणाचे ठरते. हिशेब चोख राहील. परंतु ज्याच्यासाठी संस्था निघाली तोच दाराबाहेर राहील.

दुसरी विसंगती खर्चाची आहे. हिशेब ठेवण्यास कारकून लागतो, माहिती गोळा करण्यास प्रशिक्षित माणूस लागतो. परंतु देणगीदारांना कार्यालयीन खर्च उधळपट्टी वाटतो. परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा तर २०२० च्या कायदादुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. या वृत्तीमुळे संस्थांची उपासमार होते, हे २००९ मध्ये ब्रिजस्पॅनच्याच दोघा लेखकांनी दाखवून दिले होते. सल्लागारांनी देणगीदारांना दिलेला हा सल्ला मात्र सर्वांत कमी मानला गेला असावा.

सल्लागारांना दार बंद करणे हा उपाय नव्हे. शिस्त, स्पष्ट उद्दिष्ट आणि अपयश कबूल करण्याची सवय त्यांच्याकडून जरूर घ्यावी. मात्र माप ठरविताना गावकरी, पालक आणि कार्यकर्ता यांचा शब्द अखेरचा असावा. अहवाल त्यांच्या भाषेत त्यांच्यासमोर वाचला जावा. मोजणीचा खर्च देणाऱ्याने सोसावा. आणि सर्वांत अवघड मुलाला हाती धरणाऱ्या संस्थेला कमी गुण मिळू नयेत. एवढे पथ्य पाळले गेले नाही, तर ताळेबंद उत्तम जुळेल आणि ऊसतोड कामगाराचे मूल मात्र त्यात कोठेच सापडणार नाही.