सूर्यास्तापूर्वीचे ताट

बँकेच्या नोकरीत असताना मी कामाच्या दिवशी घरी सूर्यास्तापूर्वी जेवल्याचे फारसे स्मरत नाही. रोकड जुळेपर्यंत शाखा सोडता येत नसे आणि मार्चअखेरीस तर रात्रीचे अकरा वाजत. सौभाग्यवतींचा चौविहार मात्र लग्नापासूनचा. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. त्या सव्वापाचलाच एकट्या जेवून घेत आणि माझे ताट झाकून ठेवीत. रावेरला, धुळ्याला, पुढे जळगावला, बदलीचे गाव बदलले तरी हा क्रम बदलला नाही. संध्याकाळी आम्ही एका पंगतीला बसत असू ते केवळ रविवारी. याची खंत मला त्या काळात वाटली नव्हती, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ओट्यापाशी उभे राहण्यास मनाई. सकाळचे सूनबाई पाहत. पण त्याही नोकरी करणाऱ्या, संध्याकाळी सातला परतणाऱ्या. डबा लावून पाहिला, तो सूर्यास्तानंतर येऊ लागला. अखेर मीच तवा हाती घेतला.

हिवाळ्यात खान्देशी माणसाला भरिताखेरीज दुसरे काय सुचणार? जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. परंतु वांगे बहुबीज म्हणून आमच्या घरी येत नाही. कांदा-लसणाचा तर प्रश्नच नाही. उरले कच्चे केळे, आणि त्याची या जिल्ह्यात काय वाण? सकाळी बाजारातून हिरवीगार, कडक केळी आणावीत. सालीला तेलाचा हात लावून, दोन चिरा देऊन ती मंद आचेवर फिरवीत भाजावीत. साल काळी पडून आतला गर मऊ झाला की सोलून, गरम असतानाच ठेचावीत. गार झालेले केळे घट्ट व कोरडे होते, तेथे मग तेलाचाही इलाज चालत नाही. वरून शेंगदाणा तेलात जिरे, हिंग, ठेचलेली हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी. शेवटी कोथिंबीर, मीठ, लिंबू. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याची ती चव नव्हे, हे मान्य. पण ताज्या केळ्याला स्वतःची एक मंद गोडी असते आणि तिखटाशी तिचे चांगले जुळते.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि खडेमीठ घालून कळणा दळून आणतात. आपल्याकडे पिठाची मुदत ऋतूनुसार ठरलेली असून पावसाळ्यात ती सर्वांत कमी असते. म्हणून थोडेच दळायचे. गिरणीवाला हसतो, हसू द्यावे. त्या कोमट पिठाचा वास पिशवीबंद पिठाला येत नाही. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी थापताना सहसा चिरत नाही, हे नवशिक्याचे भाग्य.

पहिल्या दिवशी मात्र दोन चुका झाल्या. मोठ्या हौसेने मी दह्याची वाटी मांडली. त्यांनी ती हलकेच बाजूला सारली. ‘‘अहो, कळण्यात उडीद आहेत. कच्चे दही कसे चालेल?’’ द्विदलाचा नियम मला लहानपणापासून पाठ होता. केवळ ओट्यापाशी आठवला नाही. दुसरी चूक अधिक गंभीर. कळण्यात मीठ असते हे ठाऊक नसल्याने पीठ मळताना मी पुन्हा मीठ घातले होते. त्या काही बोलल्या नाहीत. दीड भाकरी खाल्ली, आणि खिडकीबाहेर पाहत तीन भांडी पाणी प्यायल्या. सूर्य मावळल्यावर सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही घेता येणार नाही, हे माझ्या लक्षात आले ते मी स्वतः पहिला घास घेतला तेव्हा. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता त्यांचा गुडघा बरा आहे. सकाळचा स्वयंपाक त्यांनी पुन्हा हाती घेतला. संध्याकाळचा माझ्याकडेच राहिला, मी सोडलाही नाही. त्या खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडतात. घड्याळात पाच वाजले की म्हणतात, ‘‘तवा ठेवा आता.’’ आणि मी पिठाला हात लावण्यापूर्वी, इतक्या वर्षांनंतरही, न चुकता विचारतात, ‘‘मीठ नाही ना घातले?’’